तिन्ही कामांची फळी

सुपडू मिस्तरी वृत्तपत्राच्या कचेरीत पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात त्या दिवसाचा अंक होता. आतल्या पानावरच्या एका बातमीभोवती सुताराच्या जाड पेन्सिलीने चौकट आखलेली होती. चौकट फूटपट्टीने आखली होती.

"हाई कोनी लिखं?" त्यांनी विचारले.

मी लिहिले, असे सांगितले.

"तू त्यावर बसेल व्हता का?"

"नाही."

"झोपेल व्हता?"

"नाही."

"मंग तुले कसं समजनं?"

बातमी बारा ओळींची होती. धुळ्यातल्या एका मंडळाने गुलाब नावाच्या डिझेल फिटरला चाकांची फळी भेट दिली होती. आग्रा रोडवर सोनगीरच्या अलीकडे ट्रक उलटला, त्यात गुलाबचे दोन्ही पाय गुडघ्यांच्या वरून गेले होते. फळी जळगावच्या एका फर्निचरवाल्याकडून करून आणलेली होती. समारंभात मंडळाचे चिटणीस म्हणाले होते की बसून रस्त्याने जाणे, पाठीवर झोपून गाडीखाली शिरणे आणि पुढ्यात सुटे भाग घेऊन फिरणे, या तिन्ही कामांना ही एकच फळी पुरेल. मी ते वाक्य घेतले, पण 'चिटणीस म्हणाले' हे दोन शब्द जागेअभावी गाळले. त्यामुळे ते वाक्य वृत्तपत्राचे झाले. मिस्तरींचे बोट नेमके त्याच वाक्यावर होते.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मिस्तरी तेव्हा साठीला आले होते. आग्रा रोडवर ट्रकच्या बॉड्या बांधण्याचे त्यांचे शेड होते. उंची बेताची, अंग काटक, डाव्या हाताची करंगळी अर्धी. डोक्यावरची टोपी लाकडाच्या भुशाने कायम पिवळट असायची. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत. तोंडावर माणसाचा ताबा असतो, हातांवर नसतो, असे त्यांचे मत होते. त्यांच्यासमोर बसलेली माणसे थोड्या वेळाने हात मांडीखाली घेत.

कोणतीही गोष्ट सांगितली की ते म्हणत, "कोन म्हनस?" उद्या पाऊस आहे, कोण म्हणतं? पिंपळनेरची बस सव्वादहाला आहे, कोण म्हणतं? स्टँडवर ते तिघांना वेळ विचारत आणि तिघांचे उत्तर एक आले तर चौथ्याला विचारत, कारण तिघेही एकाच फलकावर वाचून सांगत असण्याची शक्यता होती. सोबत प्रवास करणाऱ्यांना याचा वैताग येई. पण त्यांची बस चुकल्याचे मी कधी ऐकले नाही.

लाकूडबाजारात त्यांना सीआयडी म्हणत. नवापूरकडच्या सागाचा माल उतरला की ते सगळ्यांच्या शेवटी जात, म्हणजे चांगला म्हणून आधी दाखवला जाणारा माल संपलेला असे. फळी दोन विटांवर ठेवून तिच्यावर उभे राहत आणि डोळे मिटत. नंतर खाली उतरून तिच्या एका टोकाला कान लावत आणि दुसऱ्या टोकाला व्यापाऱ्याला बोटाच्या पेराने टकटक करायला सांगत. व्यापारी करत नसे, तेव्हा त्याचा माणूस करी. एवढे झाल्यावर एक ओले पोते फळीच्या एकाच बाजूवर टाकून ते निघून जात. दुसऱ्या दिवशी येऊन फळी कोणत्या बाजूला किती वळली ते बघत.

"नाना, फळी आहे ती. पोरगी दाखवायला आणलेली नाही," एक व्यापारी एकदा वैतागून म्हणाला.

"पोरगी सांगी तरी देस, माले हाऊ मुलगा नको म्हनीसन," मिस्तरी म्हणाले. "फळी सांगत नही. तिनावर ओझं पडनं मंगच समजस."

मुलीच्या बाबतीतला त्यांचा किस्सा शेडमधले कामगार प्रत्येक नव्या माणसाला सांगत. मिस्तरींच्या धाकट्या मुलीला बघायला शिरपूरहून मुलगा आला. पाहुणे आत बसले, पोहे आले. मिस्तरी ओट्यावर चपलांपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी मुलाच्या चपला उलट्या करून तळ बघितले आणि आत येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या चपला तुन्या नहीत." मुलगा घामाघूम झाला. चपला त्याच्या मेव्हण्याच्या होत्या. स्वतःच्या चपलेचा अंगठा सकाळी बसमध्ये तुटला होता. आता हे लग्न मोडणार असे सगळ्यांना वाटले. मिस्तरींनी मुलाला अनवाणी अंगणात चार फेऱ्या मारायला लावल्या, पावले कशी पडतात ते पाहिले आणि होकार दिला. लग्न झाले. जावई चांगला निघाला. मात्र सासरी आला की चपला पिशवीत घालून आत नेतो, असे कामगार सांगत. हा शेवटचा भाग मी पडताळून पाहिलेला नाही.

अशा माणसाने माझ्या बातमीवर संशय घेतला, यात नवल नव्हते. मला नवल वाटले ते एवढ्यासाठी ते काम सोडून कचेरीत आले याचे. बातमीदाराला एक प्रश्न आधी विचारायला शिकवतात: यात कोणाचा फायदा? मी चौकशी केली. दुसऱ्याच दिवशी कळले की ती फळी करण्याचे काम आधी मिस्तरींनी मागितले होते आणि मंडळाने ते जळगावला दिले होते.

मी शेडवर गेलो आणि तोंडावर विचारले.

"हो," ते रंधा न थांबवता म्हणाले. "मांगेल व्हतं काम. नही देनं त्यासनी. त्यामुळे ती फळी चांगली व्हई गई का?"

माझा संशय मात्र गेला नाही.

गुलाबच्या बाजूने प्रश्न साधा होता. अपघाताआधी तो इक्बालशेठच्या गॅरेजमध्ये डिझेल पंपाचा फिटर होता. नुसत्या आवाजावरून पंपाचा दोष सांगणारा, अशी त्याची ख्याती होती. इक्बालशेठचा शब्द होता की गुलाबने स्वतःच्या स्वतः यावे, गाडीखाली जावे, पंप काढून टेबलापर्यंत न्यावा. हे जमले तर जागा त्याची.

"उचलून आणायला, उचलून न्यायला माझ्याकडे माणूस नाही," इक्बालशेठ मला म्हणाले. "मी वाईट माणूस नाही, भाऊ. पण गाड्या उभ्या आहेत. शिरपूरचा एक फिटर सोमवारी बारापर्यंत येतोय. त्याच्या आधी गुलाबने करून दाखवलं, तर त्या शिरपूरवाल्याला चहा पाजून परत पाठवीन. नाही तर नाही."

तो दिवस बुधवार होता. गुरुवारी मिस्तरींनी गुलाबकडून फळी तपासायला मागून घेतली. गुलाबने दिली. मंडळाच्या चिटणिसांना ते आवडले नाही. पण फळी आता गुलाबची होती.

फळी जाड प्लायवूडची, साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद. खाली दोन आडव्या पट्ट्या आणि पट्ट्यांच्या टोकांना ट्रकची जुनी बेअरिंगे, चाके म्हणून. वरून पॉलिश आणि मंडळाचे नाव. मिस्तरींनी पहिल्यांदा ती उलटी केली आणि नावाची बाजू जमिनीला लावली.

पुढचे तीन दिवस त्यांनी जे केले ते मी येता-जाता पाहिले. गुरुवारी ते फळीवर मांडी घालून बसले, हातात दोन लाकडी ठोकळे घेतले आणि रस्त्याच्या कडेने शेडपासून गॅरेजपर्यंत स्वतःला ढकलत गेले. ट्रकवाले हॉर्न देत होते. "नाना, मोटर बसवा!" कोणीतरी ओरडले. त्यांनी लक्ष दिले नाही. पुढे वाकून जोर लावला की फळीचे नाक खाली जाते, असे त्यांना आढळले. ते त्यांनी शेडच्या पत्र्यावर खडूने लिहिले. शुक्रवारी ते पाठीवर झोपून इक्बालशेठच्या उभ्या ट्रकखाली गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. एक ड्रायव्हर वाकून बघायला लागला तेव्हा आतून आवाज आला, "जिवंत शे." झोपल्यावर फळी मधोमध किंचित लवते आणि पाठीला ते बरे वाटते, अशी त्या दिवसाची नोंद होती. शनिवारी त्यांनी पुढ्यात जुना पंप घेतला. तेच लवणे आता घातक ठरले. फळी इतकी दबली की खडीला घासली.

"दख," ते मला म्हणाले. "झोपाले लवचिक फळी पाहिजे. ओझाले कडक पाहिजे. रस्त्याले ह्याच्यामधली पाहिजे. तू लिखं, एकच फळी बठ्ठं, तिन्ही कामं, करस. तीन माणसं तीन गोष्टी मांगतस, आणि तिन्ही माणसं एकच शेतस."

हे त्यांनी चांगले सांगितले होते, आणि मी ते वहीत उतरवून घेतले. पण माझ्या मनात दुसरेच चालू होते. तीन दिवस फळी त्यांच्या ताब्यात होती आणि ज्याच्यासाठी ती होती तो घरी बसून होता. एकदाही त्याला बोलावले नव्हते. मी तसे म्हणालो.

"माणूस आपलाच फायदानं बोलस," मिस्तरी म्हणाले. "त्याले काम पाहिजे. तो म्हनी, चांगली शे. त्याना बोलनावर फळी पास करू का?"

रविवारी त्यांनी दुरुस्ती केली. फळीखाली लांबीच्या दिशेने सागाची एक पट्टी मारली, तिला मधे थोडी कमान ठेवली. नाक खाली जाऊ नये म्हणून बेअरिंगांच्या दोन्ही आडव्या पट्ट्या चार बोटे पुढे सरकवल्या. काम देखणे होते. त्या दुपारी गुलाब तिच्यावर बसला आणि दोन ढकल्या मारून म्हणाला, "नाना, मांगे वढस." फळी मागे ओढते, असे त्याचे म्हणणे होते.

"सवय व्हई जाई."

"नही नाना, मांगे..."

"मी तीन दिन बसेल शे त्यावर," मिस्तरी म्हणाले. गुलाबने ठोकळे खाली ठेवले.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास गुलाब मोहाडीकडच्या आपल्या घरून गॅरेजकडे निघाला. मिस्तरी मागून चालत होते, मी त्यांच्या मागे. रस्त्यावर ठीक चालले. गॅरेजच्या तोंडाशी रस्त्यावरून आत जाणारा सिमेंटचा चढ आहे. गुलाबने ठोकळे टेकवले आणि जोर लावला. फळीचे नाक एकदम वर उठले. गुलाब पाठीवर आदळला, फळी त्याच्या अंगावर आली. कोपर सोलले. डोके थोडक्यात वाचले.

इक्बालशेठ चढाच्या वर उभे होते. त्यांनी घड्याळाकडे बघितले.

मंडळाचे चिटणीसही आले होते, फोटोग्राफर घेऊन. "हे मुद्दाम केलं आहे," ते मोठ्याने म्हणाले. "आमची फळी बदनाम व्हावी म्हणून चाकं सरकवली. काम मिळालं नाही त्याचा राग!" दोन-तीन जणांनी माना हलवल्या. एक ड्रायव्हर म्हणाला, "जो दुसऱ्यावर संशय घेतो ना, त्याचंच आधी बघावं."

मला हे लिहायला संकोच वाटतो, पण त्या क्षणी मलाही तेच वाटले. कारण होते, संधी होती, बदल त्यांच्या हाताने झाला होता. बातमी तयार होती.

मिस्तरींनी चिटणिसांकडे पाहिले नाही. त्यांनी फळी उचलली आणि ते स्वतः तिच्यावर मांडी घालून चढाच्या पायथ्याशी बसले. ठोकळे टेकवले, जोर लावला. फळी सरळ वर गेली. नाक उठले नाही. लोक हसले, कारण आता तर लबाडी सिद्धच झाली असे त्यांना वाटले. मिस्तरी वर पोचून तसेच बसून राहिले. स्वतःच्या मांडी घातलेल्या पायांकडे बघत होते.

मग ते उतरले. गॅरेजमधला एक लोखंडी पाइप आणून जमिनीवर ठेवला, त्याच्यावर फळी आडवी टाकली आणि तिच्यावर बसून पुढे-मागे सरकत तोल साधला. पाइप जिथे आला तिथे फळीच्या कडेला खडूची रेघ मारली. मग गुलाबपाशी जाऊन म्हणाले, "ये. बस."

गुलाबला दोघांनी धरून बसवले. मिस्तरी बसले होते त्याच जागी बसवले. फळी मागे कलली. ती सरळ होईपर्यंत मिस्तरींनी पाइप खालून मागे-मागे सरकवत नेला. दुसरी रेघ मारली. दोन रेघांमध्ये एका वितीचे अंतर होते.

"पाय," ते म्हणाले. कोणालाही उद्देशून नव्हते ते. "मन्हा पाय पुढे व्हतात. त्यासनं वजन. याले पाय नहीत, याचं बठ्ठं वजन मांगे शे. मी फळी तपासी, मन्हाच वजनवर तपासी."

चिटणीस फोटोग्राफरला काहीतरी सांगत होते, ते थांबले.

मिस्तरी गुलाबसमोर उकिडवे बसले. त्यांनी खडू पुढे केला. "आते तू सांग. कोठे काय पाहिजे?"

गुलाबने खडू घेतला नाही. "काल सांगं व्हतं, नाना," तो म्हणाला. आवाज शांत होता, पण त्यात राग होता. "मांगे वढस म्हनीसन सांगं व्हतं. तुम्हीन ऐकं का?"

"नही ऐकं."

"कसाले?"

"तू खोटं बोलशी असं वाटनं."

"मन्हा कोपर खोटं बोलस का आते?"

"नही," मिस्तरी म्हणाले. "मन्ही चूक शे. सांग."

त्यांना ओळखणाऱ्या कोणीही हे शब्द त्यांच्या तोंडून आधी ऐकले नव्हते. शेडमधला त्यांचा जुना कामगार शेजारी उभा होता, त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

गुलाबने खडू घेतला. बेअरिंगाच्या पट्ट्यांच्या जागा मागे दाखवल्या. फळीच्या पुढच्या भागावर हात ठेवून तो म्हणाला, "आणि हाई पुढे इतली लांब कोनाकरता शे?"

"झोपासाठे. पाय ठेवाले..." मिस्तरी बोलता बोलता थांबले.

गुलाब हसला. सोमवारच्या त्या सकाळी तो एकदाच हसला. "कोनाना पाय, नाना?"

जळगावच्या फर्निचरवाल्याने साडेतीन फुटांची फळी केली, मंडळाने ती पसंत केली, मी तिच्याबद्दल छापले आणि मिस्तरींनी तीन दिवस तपासली. चौघांनाही पाय होते. लांबी जास्त आहे हे चौघांपैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते. हे मी त्या दिवशी वहीत लिहिले. ते छापून आले नाही.

गुलाबने रेघ मारली तिथे मिस्तरींनी करवत लावली. पुढचा हातभर तुकडा खाली पडला. तेवढ्या लांबीचा लवचिकपणाही गेला, त्यामुळे खालच्या सागाच्या पट्टीची कमान कमी केली तरी चालले. बेअरिंगांच्या पट्ट्या गुलाबच्या रेघांवर आणल्या. प्रत्येक खिळ्याआधी ते विचारत होते, "आठे?" आणि गुलाब मान हलवत होता किंवा नाही म्हणत होता. दोनदा नाही म्हणाला. दोन्ही वेळा खिळा उपटला गेला.

पावणेबाराला शिरपूरचा फिटर खांद्याला पिशवी अडकवून गॅरेजमध्ये आला. चौकडीचा शर्ट घातलेला, तिशीतला, साधा माणूस. इथे काय चालले आहे ते त्याला कोणी सांगितले नाही. इक्बालशेठनी त्याला स्टुलावर बसवले आणि चहा मागवला.

गुलाब फळीवर बसून पुन्हा रस्त्यावर गेला. चढाच्या तोंडाशी थांबला. मिस्तरी त्याच्या मागे उभे राहिले, दोन्ही हात त्याच्या पाठीपासून वीतभर अंतरावर धरून. गुलाबने वळून पाहिले. "हात काढा, नाना."

त्यांनी हात मागे घेतले. गुलाबने ठोकळे टेकवले. नाक थोडेसे हलले आणि बसले. फळी वर गेली. एकदा मधे थांबली, तेव्हा गुलाबने श्वास घेतला, मग उरलेला चढ एका ढकलीत पार केला. तसाच न थांबता तो अंगणातून पुढे गेला, उभ्या ट्रकपाशी पोचला, पाठीवर आडवा झाला आणि हाताने चासी धरत आत शिरला. फळीची मागची कडही दिसेनाशी झाली.

इक्बालशेठ मिस्तरींजवळ आले. "नाना, काय म्हणता? पास का?"

"माले काय इचारस?" मिस्तरी म्हणाले. "त्याले इचार."

इक्बालशेठ विचारायला वाकणार तेवढ्यात ट्रकखालून गुलाबचा आवाज आला. "तेराचा पाना द्या कोणीतरी!"

शिरपूरच्या फिटरने चहाची बशी खाली ठेवली. त्याला बहुतेक तेव्हा समजले. पंप टेबलावर यायची वाट न बघता इक्बालशेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते त्याला बाहेर घेऊन गेले.

पुढच्याच आठवड्यात माझी जळगावला बदली झाली आणि त्यानंतर मिस्तरी मला दिसले नाहीत. त्यामुळे शेवटचे पाहिलेले मिस्तरी तेच, गॅरेजमधले. ते हत्यारांच्या पेटीपाशी गेले, एक पाना उचलला, त्यावरचे ग्रीस धोतराने पुसले आणि उन्हात तिरपा धरून आकडा वाचला. मग पुन्हा पुसून पुन्हा वाचला. ट्रकखालून एक काळा हात बाहेर आला आणि तळवा उघडून थांबला.

"तेराच शे ना हाऊ?" मिस्तरींनी वाकून विचारले.

"द्या ना, नाना. मी दखस."

त्यांनी पाना त्या हातात ठेवला.